प्रकाश आणि उजेड

पहाटे आपण ‘उजाडलं’ म्हणतो, ‘प्रकाशलं’ म्हणत नाही. दिवा लावला की उजेड पडतो, एखादी गोष्ट उशिरा कळली की डोक्यात उजेड पडतो. पुस्तक मात्र प्रकाशित होते. रोजच्या बोलण्यात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, तरी मराठी कानाला त्यांच्यातले अंतर जाणवत राहते. उजेड हा डोळ्याशी बांधलेला शब्द आहे. कुणाला तरी दिसावे लागते, तेव्हा उजेड होतो. प्रकाशाला पाहणाऱ्याची गरज नसते. तो कुणी नसतानाही भिंतीवर आदळत राहतो. भाषेने जपलेला हा फरक डोळ्यांसमोर ठेवायचा, तर घरी जुळवलेल्या तीन किरणांच्या लेझर पॉइंटरइतके सोपे आणि स्पष्ट साधन दुसरे नाही, असे माझे मत आहे. म्हणूनच या छंदाचे मोल किरणाच्या ताकदीत मोजू नये, असेही मला आग्रहाने म्हणायचे आहे.

एका ठोकळ्यात तीन लेझर शेजारी शेजारी बसवलेले असतात. लाल ६५० नॅनोमीटरचा, जुन्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये असतो त्या जातीचा. जांभळा ४०५ नॅनोमीटरचा, ब्लू-रे ड्राइव्हमधला. मधला हिरवा ५३२ नॅनोमीटरचा. समजा, तिघांचीही शक्ती नीट मोजून एक-एक मिलिवॉटवर आणली. म्हणजे दर सेकंदाला तिघेही भिंतीवर सारखीच ऊर्जा टाकतात. आता अंधाऱ्या खोलीत काळ्या दगडावर तीन ठिपके पाडून पाहावेत. हिरवा डोळ्यांत भरतो. लाल त्याच्यापुढे शांत वाटतो, कारण या हिरव्याला आपला डोळा त्या लालच्या साधारण आठपट प्रतिसाद देतो. जांभळा हिरव्यापेक्षा शेकडो पटींनी मंद दिसतो, राखेत विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. प्रकाश तिघांचा सारखा, उजेड मात्र असा विषम. डोळ्याची संवेदना ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, पोपटी रंगापाशी, सर्वाधिक असते आणि दोन्ही बाजूंना झपाट्याने उतरत जाते, हे वाक्य पाठ्यपुस्तकात सापडते. पण ते वाचून समजणे वेगळे आणि तीन ठिपक्यांवरून नजर फिरवताना समजणे वेगळे.

यावर कुणी म्हणेल, तीन वेगवेगळे पॉइंटर पाळीपाळीने लावूनही हेच दिसेल, मग एकत्र बांधण्याचा खटाटोप कशासाठी? उत्तर डोळ्याच्या स्वभावातच आहे. डोळ्याला उजेडाची आठवण धरून ठेवता येत नाही. मंद उजेडात थोडा वेळ गेला की बाहुली रुंदावते, पडदा सरावतो आणि मघाचा फिका ठिपका आता पुरेसा वाटू लागतो. वजनाचा अंदाज दोन हातांत दोन जिन्नस एकाच वेळी धरून घ्यावा, तशीच ही तुलना एका क्षणी, एका नजरेत व्हावी लागते. शिवाय ठिपके एकमेकांवर सरकवण्याची सोय तिघे एकत्र असतानाच मिळते. लाल आणि हिरवा एकमेकांवर आणले की पिवळा दिसतो. त्या भिंतीवर पिवळ्या तरंगलांबीचा एक कणही नसतो. तो पिवळा केवळ पाहणाऱ्याच्या ठायी तयार झालेला असतो, म्हणजे निखळ उजेड.

हे तिघे एका घरात नांदायला सहजी तयार होत नाहीत, आणि बांधणीचा खरा आनंद तिथेच आहे. लिथियम सेल ३.७ व्होल्ट देतो. लाल डायोडला सव्वादोन-अडीच पुरतात, जांभळ्याला पाचच्या आसपास लागतात. म्हणजे एकाच सेलमधून एकासाठी व्होल्टेज उतरवायचे आणि दुसऱ्यासाठी चढवायचे. बरे, लेझर डायोडला खरे तर व्होल्टेजपेक्षा करंट मोजून द्यावा लागतो. क्षणभरही जास्त गेला, बोटातली स्थिर वीज चटकन लागली, की त्याच्या आरशासारख्या कडेला इजा होते. असा मेलेला डायोड अंधारत नाही. तो साध्या एलईडीसारखा मिणमिणत राहतो, फक्त त्याचा किरण गेलेला असतो. याच्या उलट चित्र जिवंत डायोडमध्ये दिसते. करंट शून्यापासून अगदी सावकाश वाढवत न्यावा. आधी भिंतीवर मऊ, पसरट लालसर झाक येते. मग एका विशिष्ट आकड्याला, अंबाडी शिजताना अचानक रंग बदलते तशी, त्या झाकेची जात बदलते. तिच्यात बारीक रवाळपणा उमटतो, काळे-तेजस्वी कण दिसू लागतात, आणि डोके जरा हलवले की ते कणही सरकतात. हा रवा भिंतीवर चिकटलेला नसतो. एका ठेक्यात चालणाऱ्या लाटा खरबरीत पृष्ठभागावरून परतताना एकमेकींना भेटतात, त्या भेटीगाठींची ती नक्षी असते. थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या मालिबूला माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला, तेव्हा त्या यंत्राने ओलांडलेला उंबरठा हाच. तो आज पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या सुट्या भागांतून, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पाहता येतो.

त्यानंतरचे काम संयमाचे. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात तीन समांतर भोके पाडली, तरी किरण समांतर निघतीलच असे नाही, कारण डायोड आपल्या पितळी डबीत किंचित तिरका बसलेला असतो. एक हजारांश रेडियनची चूक दहा मीटरवर एक सेंटिमीटर होते. म्हणून प्रत्येक डबीभोवती तीन बारीक स्क्रू ठेवायचे, लांबच्या भिंतीवर कागद लावायचा आणि एकेक स्क्रू केसभर फिरवत तिन्ही ठिपके ठोकळ्यावरच्या अंतराइतक्याच अंतरावर आणायचे. पांढऱ्या कागदावर एक गंमत दिसते. जांभळा ठिपका दगडावर होता त्यापेक्षा तिथे बराच ठळक, निळसर दिसतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली रसायने जांभळा प्रकाश गिळून निळा उजेड परत देतात. एका अर्थी कागद इथे डोळ्यासाठी दुभाष्याचे काम करतो.

बाजारात तयार पॉइंटर मिळतो, तो कारखान्यात तपासलेला असतो, मग घरी कशाला? हा आक्षेप रास्त वाटतो, पण पुरावा त्याच्या बाजूने नाही. ५३२ च्या हिरव्या पॉइंटरच्या आत मुळात हिरवे काहीच नसते. ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा, तोही अदृश्य, प्रकाश निघतो, आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ चा हिरवा देतो. शेवटी अवरक्त अडवणारी एक छोटी काच बसवायची असते. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १० मिलिवॉटचा म्हणून विकलेला एक स्वस्त पॉइंटर तपासला. त्याचा हिरवा मंद होता, पण अवरक्त जवळजवळ २० मिलिवॉट बाहेर पडत होता. त्याच संस्थेने पुढे १२२ पॉइंटर तपासले, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लालपैकी सुमारे ४४ टक्के तिथल्या सुरक्षेच्या नियमांत बसले नाहीत. विकत घेणाऱ्याने चिठ्ठीवर विश्वास ठेवला, कारण डोळ्याला फक्त उजेड कळत होता. ठोकळा स्वतः जुळवणाऱ्याला मात्र ती काच बसवलीच आहे ना, हे पाहावे लागते आणि करंट मोजावा लागतो. घरगुती वस्तू आपोआप सुरक्षित असते असे मी म्हणत नाही. मोजण्याची सवय लागलेला माणूस अधिक सुरक्षित असतो, एवढेच म्हणतो.

सर्वात गंभीर आक्षेप धोक्याचा आहे, आणि तो झटकून टाकणाऱ्याने या छंदाच्या वाटेला जाऊ नये. विसर्जन मिरवणुकांतल्या लेझरच्या झोतांनी तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्राने वाचल्या आहेत, आणि पुणे पोलिसांनी २०२४ मध्ये अशा झोतांवर बंदीही घातली. डोळ्याचे भिंग समांतर किरणाला पडद्यावर इतक्या बारीक बिंदूत गोळा करते, की त्या बिंदूवरची तीव्रता लाखपट होऊ शकते. दृश्य किरण एक मिलिवॉटच्या आत असला, तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि सहसा बचाव होतो, या गृहीतावर सुरक्षेचे वर्ग आखलेले आहेत. पण पापणी मिटते ती उजेड खुपला म्हणून, आणि इजा होते ती प्रकाशाने. जांभळ्या किरणाचा उजेड खुपतच नाही. त्याच्या एका कणात मात्र लाल कणाच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा असते. अवरक्ताला तर उजेडच नाही. डीव्हीडी रायटरमधून काढलेला डायोड शंभर मिलिवॉटच्या पुढे सहज जातो, आणि ‘तेवढा तर चालवूच’ हा मोह तिथे सुरू होतो. त्यावर संरक्षक गॉगल सुचवले जातात. एका रंगासाठी ते उत्तम. तीन रंगांसाठी मात्र लाल, हिरवे आणि जांभळे तिन्ही अडवणारी काच घालावी लागते, आणि तीतून जवळपास काहीच दिसत नाही. तेव्हा तीन किरणांची तुलना पाहायची असेल, तर किरण क्षीणच ठेवावे लागतात. तिथेही आरसे, घड्याळाच्या काचा दूर ठेवायच्या, ठोकळा टेबलाला घट्ट आवळायचा आणि किरण नजरेच्या पातळीच्या खाली ठेवायचा. ठोकळा लहान मुलांच्या हाती द्यायचा नाही, रस्त्यावर वा आकाशाकडे तर कधीच रोखायचा नाही.

क्षीण किरणात मग पाहण्यासारखे उरते काय? पुष्कळ. काचेच्या पेल्यात गोडेतेल घ्यावे, चिमूटभर हळद ढवळून गाळ बसू द्यावा. लाल किरण त्यातून निमूट पार होतो. जांभळा आत शिरला की तेलात हिरवट-पिवळी, फोडणीच्या वासाची आठवण देणारी सळई उभी राहते, कारण हळदीतले कुर्क्युमिन जांभळा प्रकाश घेऊन डोळ्याला आवडणाऱ्या रंगात तो परत करते. पालक स्पिरिटमध्ये भिजवून आलेल्या हिरव्यागार पाण्यात तोच किरण रक्तासारखा लाल होतो. डोळ्याने ज्याला जवळपास नाकारले होते, तो किरण इथे सर्वांत बोलका ठरतो. डोळ्याने नाकारलेला प्रकाश छायाचित्रणाच्या इतिहासातही असाच भेटतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तीन कंदिलांचे लाल, हिरवे, निळे झोत एकावर एक टाकून, त्याच रंगांच्या गाळण्यांतून काचांवर घेतलेल्या तीन छायाचित्रांतून रंगीत फितीचे चित्र उभे केले. त्यांच्या काचांवरचे रसायन लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळे होते, तरी लाल भाग उमटला. त्याचा उलगडा शंभर वर्षांनी झाला. त्या फितीचा लाल रंग अतिनील प्रकाशही परतवत होता, लाल गाळणीतून तो निसटला आणि काचेवर आपली खूण ठेवून गेला. रंगीत छायाचित्राच्या जन्मापाशी असा डोळ्याबाहेरचा प्रकाश उभा आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

आणि एक जुनी सीडी. तिच्या खाचा १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात. चकती भिंतीपासून एक मीटरवर उभी करून, भिंतीच्या बाजूने तिच्यावर एकेक किरण सरळ पाडला, की परतलेल्या मुख्य ठिपक्यापासून बाजूला जांभळा सुमारे २६ सेंटिमीटरवर उमटतो, हिरवा ३५ वर, लाल ४४ वर. फूटपट्टीला कोण ठळक आणि कोण फिका याच्याशी कर्तव्य नसते. ती तिघांची तरंगलांबी सारख्याच निष्ठेने सांगते. फक्त हिरवा चालू ठेवून मोबाइलचा पुढचा कॅमेरा भिंतीवर हलकेच फिरवावा, लालच्या जागेच्याही पुढे, ५८ सेंटिमीटरच्या आसपास. ८०८ चा अवरक्त निसटत असेल, तर तो तिथे पडतो, पण नजरेला कोरी भिंत दिसते. मोबाइलच्या पडद्यावर एखादा पसरट, फिकट ठिपका आला, तर गाळणीची काच बदलायची आणि त्या कोऱ्या जागेवर पेन्सिलीने फुली मारून ठेवायची.