संग्रह कोणासाठी? हुसेन यांची चित्रे आणि त्यांचे संग्राहक

१/ पाचोड ज्या तालुक्यात येते, त्या पैठणच्या पांढरीत सातवाहनकालीन खापरे, मणी आणि मृण्मूर्ती सापडतात. बाळासाहेब पाटील यांनी त्या आयुष्यभर जमवल्या. तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी हेच केले. आज दोघांच्याही नावाने शासकीय संग्रहालये आहेत. अनाम कुंभाराचे मडके तेथे शाळकरी मुलालाही पाहता येते.

२/ हीच कसोटी एखाद्या ख्यातनाम आधुनिक कलावंताच्या संग्रहाला लावली तर? त्यासाठी मकबूल फिदा हुसेन यांचे उदाहरण बोलके आहे. १९१५ साली पंढरपुरात जन्मलेल्या या चित्रकाराने मुंबईत आधी सिनेमाचे फलक रंगवले, लाकडी खेळणी घडवली. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमुळे त्यांच्या चित्रांकडे जाणकारांचे लक्ष गेले.

३/ पहिला संग्राहक परदेशी डॉक्टर. लिऑन एलियास व्होलोदार्स्की जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत होते. १९५४ साली त्यांनी ‘ग्रामयात्रा’ विकत घेतले. सुमारे चौदा फूट लांबीच्या या चित्रात खेड्यातील जीवनाची तेरा दृश्ये आहेत. १९६४ साली ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेले आणि अनेक दशके तेथील भिंतीवर राहिले. भारतीय खेडे नॉर्वेत सुखरूप राहिले. भारतीयांना मात्र ते दिसले नाही.

४/ मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. रक्कम रुग्णालयाच्या वैद्यकीय प्रशिक्षणासाठी ठरलेली होती. डॉक्टरची खरेदी अखेर डॉक्टर घडवण्याच्या कामी आली.

५/ दुसरा संग्राहक शास्त्रज्ञ. होमी भाभा स्वतः चित्रे काढत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुलाब्यातील इमारतीच्या खर्चाचा एक टक्का कलाकृतींसाठी राखून ठेवण्यास त्यांनी नेहरूंची संमती मिळवली. तेथे हुसेन यांचे ४५ फूट लांबीचे ‘भारत भाग्य विधाता’ हे भित्तिचित्र आहे. गायतोंडे यांचीही चित्रे आहेत. नवस्वतंत्र राष्ट्राच्या प्रयोगशाळेत नवे चित्र असावे, हा त्यामागचा विचार होता. मात्र ते पाहण्यासाठी संस्थेचे सुरक्षाद्वार ओलांडावे लागते.

६/ तिसरा संग्राहक हैदराबादचा. १९४८ पर्यंत मराठवाडा त्याच संस्थानात होता. ‘कल्पना’ या हिंदी मासिकाचे बदरीविशाल पित्ती हे राममनोहर लोहियांचे सहकारी. उद्योगपतींच्या दिवाणखान्यांतून बाहेर पडा आणि रामायण रंगवा, असे लोहियांनी हुसेन यांना सुचवले. पित्तींच्या आश्रयाने त्यांनी अनेक वर्षे रामायणाची चित्रे रंगवली.

७/ पुढे हुसेन यांनी मुलाखतीत सांगितले की, ही चित्रे बैलगाडीतून हैदराबादजवळच्या खेड्यात नेली होती. शहरात लोक आकृतीचा डोळा कुठे आहे, असे विचारतात. तिथे कोणी तसे विचारले नाही. आधुनिक कला खेड्याला उमगत नाही, या समजुतीला हे चोख उत्तर होते. पण ते देण्यासाठी संग्राहकाला चित्रे घराबाहेर काढावी लागली.

८/ चौथे उदाहरण याच्या अगदी उलट. २००७ च्या सुमारास एका उद्योजकाने १०० कोटी रुपयांत हुसेन यांची १०० चित्रे घेण्याचा करार केला. पुढे थकीत कर्जाच्या प्रकरणात त्यांतील २५ चित्रे जप्त झाली आणि वर्षानुवर्षे तिजोरीत पडून राहिली. न्यायालयाच्या अनुमतीनंतर जून २०२५ मध्ये मुंबईत त्यांचा लिलाव झाला. या काळात त्यांची गणना कर्जाच्या तारणात होती. प्रेक्षक त्यांना नव्हताच.

९/ किमतीचे आकडे बातमीत येतात आणि विरून जातात. इतिहासाच्या अभ्यासकाने संग्राहकाला तीन प्रश्न विचारावेत: त्याने काय ओळखले, काय जपले, आणि दार कोणासाठी उघडले? पहिल्या दोन प्रश्नांत भाभा आणि व्होलोदार्स्की उत्तम ठरतात. तिसऱ्यात पित्तींची बैलगाडी पुढे जाते.

१०/ हुसेन २०११ साली लंडनमध्ये निवर्तले. पंढरीत जन्मलेल्या चित्रकाराचे मूळ चित्र पाहण्यासाठी मराठवाड्यातील विद्यार्थ्याला आजही मोठे शहर गाठावे लागते. दोन हजार वर्षांपूर्वीचे खापर मात्र त्याच्या तालुक्याच्या गावी, काचेपलीकडे, त्याच्या डोळ्यांसमोर आहे. पाटील आणि लामतुरे यांचे थोरपण याच अंतराने मोजावे.