कोर्लईत उरलेलं बोलणं

अलिबागहून आलेला रस्ता रेवदंड्यात किल्ल्याच्या तटातूनच शिरतो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्या मधून डोकं वर काढणारा, पडझड झालेला सातखणी मनोरा. पोर्तुगीज चौल म्हणतात ते हेच.

गावातल्या शाळेच्या आवारात मात्र एका रशियन माणसाचं स्मारक आहे. त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन १४६९च्या सुमारास चौलला उतरला, तो विकायला एक घोडा घेऊन. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला, धर्म बदल म्हणून दरडावलं. निकितिन बधला नाही. मध्यस्थीने घोडा परत मिळाला, आणि इथल्या माणसांविषयीची त्याची टिपणं आजही वाचायला मिळतात. वास्को द गामा कालिकतला पोचायला अजून जवळपास तीस वर्षं होती.

गामाच्या मागून जी जहाजं आली त्यांच्यावर तोफा होत्या. १५०८मध्ये इथल्याच कुंडलिका खाडीच्या तोंडाशी इजिप्तच्या आरमाराशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. बापाने पुढच्या वर्षी दीवला त्याचा सूड घेतला. मग निजामशहाच्या परवानगीने रेवदंड्याचा किल्ला उठला. पोर्तुगिजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, नसलेलं व्यापारी जहाज मालासकट जप्त व्हायचं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यावर आपले नाखवे मोकळे फिरले, त्याच पाण्यावर परक्याची चिठ्ठी दाखवायची! याचा राग मला आजही येतो, आणि तो येऊ नये असं मला वाटत नाही.

साळावच्या पुलावरून कुंडलिका ओलांडली की कोर्लई. समुद्रात घुसलेल्या लांबट डोंगरावरचा किल्ला पोर्तुगिजांनी १५९४मध्ये निजामशाहीकडून मोठी कत्तल करून घेतला. दीपगृहाच्या बाजूने चढलं की एकामागून एक दरवाजे लागतात. वर छप्पर नसलेलं चर्च, पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या शिळा, गोड्या पाण्याचं टाकं. खाली एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. १७४०मध्ये हा सगळा मुलूख मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज अंमलदार निघून गेले.

डोंगराखालचं गाव कुठे जाणार? पोर्तुगीज शिपाई, बाटवलेले इथले कष्टकरी आणि पकडून आणलेले गुलाम एकत्र राहिले, त्यातून एक बोली तयार झाली होती. गावात तिला नोलिंग म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास, बहुतेक शेतीवर जगणारी ख्रिस्ती कुटुंबं. शब्द बरेचसे पोर्तुगीज. पण क्रियापद शेवटी येतं, आपल्या मराठीसारखं.

चर्चजवळच्या एका अंगणात एक आजी वाल सोलत बसल्या होत्या. माझ्याशी बोलल्या त्या अलिबागकडच्या ठसक्याच्या मराठीत, तेवढ्यात ओसरीवरून नातू काहीतरी ओरडला, तशी मान न वळवता त्याला नोलिंगमध्ये दोन वाक्यं सुनावली आणि पुन्हा मराठीत मला विचारलं, "जेवलात का?" बोटं वालावरून एकदाही थांबली नाहीत.

पोर्तुगिजांच्या गोव्यात १५६०मध्ये सुरू झालेल्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, माणसांचा छळ केला. ते पाप या बोलीमुळे हलकं होत नाही. पण ही बोली पोर्तुगालची देणगी आहे असंही मला म्हणवत नाही. राजाच्या माणसांनी चिरेबंदी बांधलं ते ढासळलं. ज्यांना त्यांनी मागे सोडलं, त्या गरिबांनी पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ ही भाषा घरात सांभाळली, तिला मराठीचं वळण दिलं. ती त्यांची कमाई.

आज इथली मुलं मराठी शाळेत शिकतात, पुढे नोकरीसाठी मुंबईकडे जातात. पोर्तुगिजांवरच्या वसईच्या विजयाचे पोवाडे आपण मुलांना हौसेने ऐकवतो, ऐकवावेतच. त्याच वर्गात कोर्लईच्या पोराला उभं करून त्याच्या आजीची एखादी गोष्ट तिच्याच बोलीत सांगायला लावायला हवी, आणि ती लिहून घ्यायला हवी, देवनागरीत, या आजी आहेत तोवर.