चित्राखालची ओळ

वर्गात दाखवायचं चित्र सुंदरच असावं, असं मला वाटत नाही. सुंदर चित्राला मुलं ‘भारी!’ म्हणतात आणि गप्प बसतात. बोलतं करणारं चित्र बहुधा जरा अडचणीचं असतं.

शिवकालाचा पाठ आला की कॅलेंडरवरचं चित्र हाताशी असतंच. मी त्याच्याशेजारी दुसरं लावतो. मनुची या इटालियन प्रवाशासाठी मीर मुहंमद नावाच्या चित्रकाराने सतराव्या शतकात काढलेलं हे लघुचित्र आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. महाराज घोड्यावर, सोबत पायी चालणारे हत्यारबंद लोक. मुलं आधी घोडा बघतात, मग ती माणसं. ही कोण? यांची नावं का नाहीत? चित्रकाराने महाराजांना खरंच पाहिलं होतं का? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारला की तास वसूल! मग इब्राहिमखान नावाच्या माणसाची हकिकत सांगायची. एके काळी त्याचंच चित्र महाराजांचं म्हणून सर्रास छापलं जाई; १९३३ साली इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल चित्र पुढे आणलं आणि ती चूक उघड झाली. छापलेलंही चुकीचं असू शकतं, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात. (काही पालकांचेही.)

दुष्काळाच्या पाठाला मात्र हात आखडता घ्यावा लागतो. बंगालच्या १९४३च्या दुष्काळात सुनील जाना यांनी काढलेले फोटो मोठ्या तोलाचे आहेत, पण तेरा-चौदा वर्षांची मुलं ते बघून मान तरी फिरवतात, नाहीतर अवघडून हसतात. शिवाय त्याच वर्गात कुणी उपाशीपोटी आलेलंही असतं. त्याच्यासमोर भुकेचं प्रदर्शन कशाला मांडायचं? मी चित्रकार चित्तप्रसाद यांची त्याच दुष्काळावरची शाईची रेखाटनं निवडतो. ती ज्या पुस्तिकेत छापली होती, तिच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. सरकारला चित्रांची भीती का वाटावी, यावर तास कधी संपतो ते कळत नाही.

आता मोबाइलवर हवं ते चित्र क्षणात मिळतं, यंत्राने बनवलेलंसुद्धा. म्हणून शिक्षकमित्रांना एक विनंती. चित्र पडद्यावर टाकण्याआधी ते कुणी, कधी, कुठे काढलं, एवढी ओळ त्याखाली लिहा. शोधूनही सापडलं नाही, तर ‘माहीत नाही’ असं लिहा, पण जागा कोरी सोडू नका.