जिवंत आईचा मृत्यू : एका लेखाचे पाठभेद

मराठी लिखाण वाचकापर्यंत पोहोचण्याचे जे मार्ग गेल्या दहा-बारा वर्षांत रूढ झाले, त्यांत व्हॉट्सअॅपच्या समूहांतून फिरणारा मजकूर हा फार वेगवान मार्ग असून, वर्तमानपत्राच्या पुरवणीत किंवा दिवाळी अंकात एकदाच छापून आलेला लेख या मार्गाने मूळ खपापेक्षा कितीतरी अधिक माणसांपर्यंत जाऊ शकतो. मात्र तसे जाताना लेखातील दोन गोष्टी सर्वांत आधी धोक्यात येतात : एक म्हणजे लेखकाचे नाव आणि दुसरी म्हणजे लेखाचा शेवट. नाव गळणे ही बाब बहुतेकांना किरकोळ वाटते आणि शेवट बदलणे तर अनेकांच्या लक्षातही येत नाही. परंतु ज्या लेखात खरी माणसे आलेली असतात तिथे या बदलांचे परिणाम त्या माणसांना भोगावे लागतात, आणि ते कसे भोगावे लागतात हे प्रस्तुत लेखिकेने स्वतःच्या घरात पाहिले आहे.

नाव का गळते याची कारणे आधी नोंदवायला हवीत, कारण त्यांत दुष्टपणाचा भाग थोडा आणि यंत्रांच्या व सवयींच्या रचनेचा भाग मोठा आहे. ई-पेपर, म्हणजे छापील पानाची पडद्यावर दिसणारी प्रतिमा, हे बहुधा चित्र असल्यामुळे त्यातील अक्षरे उचलता येत नाहीत. आणि ज्या अंकांची जुळणी जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत झालेली असते, त्यांतील मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला तर त्याचे निरर्थक चिन्हांत रूपांतर होते. (युनिकोड म्हणजे जगातील बहुतेक लिप्यांच्या अक्षरांना दिलेले सामाईक संकेतांक, ज्यांमुळे एका यंत्रावरचे देवनागरी दुसऱ्या यंत्रावर तसेच दिसते.) त्यामुळे ज्याला लेख आवडला तो माणूस तो हाताने टंकतो किंवा फोनला बोलून दाखवतो, आणि २०१७ पासून गूगलची बोलून टंकण्याची सोय मराठीत आल्यावर हे काम ज्येष्ठ मंडळींनाही सहज जमू लागले. टंकणारा माणूस शीर्षकापासून नव्हे तर पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतो, आणि लेखकाचे नाव शीर्षकाखाली किंवा पार शेवटी असते. संकेतस्थळावरून उचलतानाही बोट पहिल्या परिच्छेदावरच ठेवले जाते. दुवा पाठवला तर नाव टिकते. पण दुवा उघडण्याचा कंटाळा, जाहिरातींचा त्रास आणि वर्गणी मागणारी पाने यांमुळे समूहात दुवा टाकणाऱ्याला ‘लेखच टाका ना’ असे सांगितले जाते, आणि त्यात वाचकाचा फारसा दोष काढता येत नाही.

ज्याच्या बाबतीत हे सारे घडले तो प्रस्तुत लेखिकेचा लेख एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आला होता आणि त्याचा विषय १९७२चा दुष्काळ हा होता. त्या दुष्काळाविषयी मराठी वाचकाला नव्याने सांगण्यासारखे थोडेच आहे : सरकारने काढलेली रस्त्यांची आणि पाझर तलावांची कामे, १९७३च्या मे महिन्यात त्या कामांवर असलेली जवळजवळ पन्नास लाख माणसे, मजुरांना वाटली जाणारी सुकडी नावाची पौष्टिक भुकटी, आणि रेशनवर आलेला मिलो, म्हणजे परदेशातून आयात केलेली तांबडी ज्वारी, जिच्या भाकरीची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. लेखिकेची आई बीड जिल्ह्यातील एका कामावर खडी फोडायला जात होती. लेखात तिच्याबरोबर त्या कामावरचा मुकादम होता, ज्याने ती तापाने आडवी झाली तेव्हा तिची हजेरी कापली नव्हती, आणि लेखाच्या शेवटी एवढेच होते की, आज ऐंशीच्या घरात असलेली आई त्या रस्त्याने एसटीतून जाताना खिडकीबाहेर पाहत नाही.

हा लेख समूहांत फिरू लागला तेव्हा पहिल्या काही दिवसांत तो नावासह आणि जसाच्या तसा होता. नंतर नाव गेले. त्यानंतर त्याला एका दिवंगत, लोकप्रिय विनोदी लेखकाचे नाव लागले, आणि असे होणे मराठीत नवे नाही : पु. ल. देशपांडे २००० साली आणि व. पु. काळे २००१ साली गेले, व्हॉट्सअॅप २००९ साली जन्माला आले, आणि तरीही मोबाइल फोनचा उल्लेख असलेले परिच्छेद या दोघांच्या नावाने समूहांत फिरलेले आहेत. मोठे नाव लावल्यावर मजकूर पुढे पाठवणे सोपे होते आणि पाठवणाऱ्याच्या अभिरुचीला आधार मिळतो, हे त्यामागचे उघड कारण असावे. येथवरचा प्रकार लेखिकेला खुपला, पण समजण्यासारखा वाटला.

समजण्यापलीकडचा भाग मजकुराच्या आत घडला. हस्तलिखितांचा अभ्यास करणारे लोक एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या प्रतींतील फरकांना पाठभेद म्हणतात आणि ते फरक कोणत्या क्रमाने शिरले याचा माग काढतात; लेखिकेने आपल्याकडे परत आलेल्या निरनिराळ्या प्रती शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा तसाच क्रम स्पष्ट दिसू लागला. एका प्रतीत ‘लाल मिलो’चे ‘लाल मिळो’ झाले होते, जी बोलून टंकल्यामुळे झालेली चूक दिसते. पुढच्या प्रतीत त्या वाक्याचा अर्थ लागत नसल्यामुळे कोणीतरी ते वाक्यच काढून टाकले होते. त्यापुढच्या प्रतीत मिलोच्या जागी शिळ्या भाकरीचा तुकडा आला होता, कारण भुकेच्या वर्णनाला काहीतरी खायचे हवे होते. म्हणजे ज्या एका तपशिलामुळे तो लेख १९७२चा होता, तो तपशील तीन टप्प्यांत नाहीसा झाला आणि उरली ती कुठल्याही काळातली, कुठल्याही गावातली भूक.

मुकादमाचे त्याहून वाईट झाले. मूळ लेखात त्याने हजेरी राखली होती. एका प्रतीत ते वाक्य गळले, आणि नंतरच्या प्रतीत, बहुधा दुःखाच्या गोष्टीत एक दुष्ट माणूस असावाच लागतो या समजुतीने, तापाने आडव्या झालेल्या बाईला काठीने उठवणारा मुकादम अवतरला. त्याचे आडनाव आणि गावाचे नाव मात्र मूळ लेखातले होते तसेच राहिले. सर्वांत शेवटी लेखाचा शेवट बदलला. एका प्रतीत ‘आई गेल्या महिन्यात गेली’ असे वाक्य आले आणि त्यापाठोपाठ आईवडील हयात आहेत तोवर त्यांची सेवा करा असा उपदेश आला. त्यानंतरच्या प्रतीत मुलगी जिल्हाधिकारी होऊन त्याच रस्त्याच्या उद्घाटनाला आली आणि त्याच दिवशी आईने प्राण सोडले.

जिल्हाधिकाऱ्याची प्रत नात्यातल्या कोणीही खरी मानली नाही, कारण लेखिका शिक्षिका आहे हे सर्वांना ठाऊक होते. पण ‘गेल्या महिन्यात गेली’ ही प्रत खरी मानली गेली. पुण्याहून मावसभावाचा फोन आला तो ‘ताई, मावशी गेली आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाहीस’ या वाक्याने. लांबच्या एका नातेवाइकाने भेटायला येतो म्हणून निरोप पाठवला. आई शेजारच्या खोलीत बसलेली असताना ती जिवंत आहे असे फोनवर पुन्हा पुन्हा सांगण्याची वेळ आली, आणि ते सांगताना प्रत्येकाला हे पटवून द्यावे लागले की मृत्यूचे ते वाक्य लेखिकेने लिहिलेले नाही. कारण ज्यांना लेख कोणाचा हे माहीत होते, त्यांच्या दृष्टीने त्यातले प्रत्येक वाक्य तिचेच होते. नाव गळले की लेखक सुटतो असे कोणाला वाटेल, पण येथे अनोळखी वाचकांसाठी लेखिका नाहीशी झाली होती आणि ओळखीच्यांसाठी मात्र दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्याला जबाबदार ठरली होती.

आईने स्वतःच्या मरणाची वार्ता शांतपणे ऐकली. मुकादमाने काठीने उठवले हे वाचून दाखवल्यावर मात्र ती बेचैन झाली. तो माणूस पंचवीस वर्षांपूर्वी वारला असून त्याची मुले-नातवंडे त्याच गावात आहेत, आणि ‘त्यानं हजेरी राखली म्हणून त्या आठवड्याला घरात दाणे आले’ हे ती घरात अनेकदा सांगत असे. तिच्या आग्रहावरून लेखिका तिला घेऊन त्या घरी गेली. त्यांच्या भावकीच्या समूहात तो मजकूर आधीच येऊन गेला होता. नातवाने आजोबांविषयीचे ते वाक्य वाचले होते, त्यावर कोणी काही लिहिले नव्हते, आणि घरात त्याविषयी कोणी बोललेही नव्हते. लेखिकेने पुरवणीचे मूळ कात्रण त्यांच्या हाती दिले, आईने काय घडले होते ते स्वतः सांगितले आणि मुकादमाच्या मुलाने ऐकून घेतले. पण ज्या समूहांत ती काठी पोहोचली होती त्यांपैकी किती समूहांत हे कात्रण पोहोचणार, हा त्याने विचारलेला प्रश्न रास्त होता आणि त्याला द्यायला उत्तर नव्हते.

यानंतर एका मासिकाने जिल्हाधिकाऱ्याची प्रत ‘लेखक अज्ञात’ असे लिहून छापली. विचारणा केल्यावर संपादकांनी सांगितले की मजकूर फिरत आला, आवडला, नाव नव्हते म्हणून तसे लिहिले. शोध घ्यावासा त्यांना वाटला नाही, हे लेखिकेला आजही खटकते. कारण समूहातल्या निवृत्त माणसाकडून जी अपेक्षा ठेवता येत नाही, ती वर्गणी घेऊन अंक काढणाऱ्या संपादकाकडून ठेवलीच पाहिजे. भारतीय स्वामित्व हक्क कायदा १९५७चा आहे आणि त्यातील कलम ५७ लेखकाला स्वामित्व हक्काहून वेगळे असे दोन हक्क देते : आपले लेखन आपले आहे असे सांगण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी त्याची मोडतोड झाल्यास ती थांबवण्याचा व भरपाई मागण्याचा. लेख सरकारदरबारी नोंदवलेला असावा अशी अट नाही. ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाच्या वादात मन्नू भंडारी यांनी याच कलमाचा आधार घेतला होता. मासिकाविरुद्ध हे कलम चालते. हजारो फोनांतून वाढत गेलेल्या वाक्याविरुद्ध ते कोणावर चालवायचे, हा प्रश्न कायद्यात सुटलेला नाही.

व्हॉट्सअॅपवरील संदेश २०१६ पासून फक्त पाठवणाऱ्याला आणि मिळवणाऱ्याला वाचता येतील अशा रीतीने सांकेतिक केलेले असतात, त्यामुळे कोणी काय बदलले हे कंपनीला दिसत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले, आणि त्याच महिन्यात ‘फॉरवर्डेड’ हा शिक्का व भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली. २०२० साली फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे झाले. पण मजकूर उचलून नव्याने चिकटवला की तो शिक्का राहत नाही, आणि शेवट बदलणारा माणूस नेमके तेच करतो. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत संदेशाचा पहिला कर्ता शोधण्याची तरतूद आहे, मात्र ती गंभीर गुन्ह्यांसाठी आहे, आणि ती तशीच राहावी. एका लेखाच्या चोरीसाठी सर्वांचे खाजगी संदेश उघडे करणे लेखिकेला मान्य नाही.

या सर्व हकिकतीला एक बाजू अशीही आहे, जी मांडली नाही तर विवेचन अपुरे राहील. दुसऱ्या जिल्ह्यातील एका शिक्षकाने त्या बदललेल्याच प्रतीवरून आपल्या विद्यार्थ्यांना घरातल्या आजी-आजोबांना दुष्काळाविषयी विचारायला लावले आणि मुलांनी लिहून आणलेली वही, मूळ लेखिकेचा पत्ता शोधून काढून, तिच्याकडे पाठवली. त्या वहीत मिलो होता, सुकडी होती, खडीचे ढीग होते. जे समूहांत गळले ते मुलांनी घरातून परत आणले होते. ज्या गावात ती पुरवणी जात नाही तिथे हा लेख नावासह कधीच पोहोचला नसता. वही वाचल्यावर लेखिकेला असे वाटू लागले की नाव गेले तर गेले, मजकूर जसाच्या तसा राहिला असता तर तक्रार उरली नसती; आणि तरी मुकादमाच्या मुलासमोर बसल्याची आठवण झाली की हे मत टिकत नाही, कारण मजकुरावर नाव असते तर निदान कोणीतरी विचारले असते की काठीचे वाक्य खरे आहे का. या दोन मतांपैकी एकावर ती अजून स्थिरावलेली नाही.

दुसऱ्याच्या लेखनात आपली भर घालण्याची हौस मराठीत आजची नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अशाच शिरलेल्या पाठांमुळे, आणि तिच्यात आपली ओवी घालू नये असे त्यांना बजावून सांगावे लागले. आता प्रत्येकाच्या हाती लेखणी आणि नक्कल करण्याचे यंत्र एकत्रच आहे, म्हणून काळजीही प्रत्येकालाच घ्यावी लागेल. आवडलेला लेख टंकताना नाव आधी टंकावे. नाव माहीत नसेल तर ते माहीत नाही असे लिहावे आणि कोणाचेही लावू नये. शब्द कळला नाही तर तो तसाच ठेवावा. आणि बीड जिल्ह्यातील रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाईचा, काठी उगारणाऱ्या मुकादमाचा आणि जिल्हाधिकारी मुलीचा तो मजकूर ज्यांच्या फोनमध्ये असेल, त्यांनी कृपया तो पुढे पाठवू नये, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना एवढे कळवावे की मुकादमाने हजेरी राखली होती आणि ती बाई हयात आहे.