नंबर कुणी दिला?

प्रचाराचा एसएमएस मतदाराच्या मोबाईलवर पोचण्याआधी बऱ्याच चाळण्यांतून जातो. ट्रायच्या 2018च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याची नोंदणी लागते, हेडर लागतो, मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. राजकीय मजकुराला निवडणूक आयोगाच्या माध्यम समितीचं प्रमाणपत्रही लागतं. शिवाय मतदान संपण्याआधीचे 48 तास राजकीय बल्क एसएमएस बंद. 2024च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला संध्याकाळी सहाला संपणार होतं; म्हणजे 18 तारखेला सहानंतर एकही मेसेज सुटता कामा नये. हे सगळं कोडमध्ये बसवणं, हे माझं काम.

त्याच दिवसांत माकुणसारला आईच्या फोनवर एका उमेदवाराचा मेसेज आला. थेट नावानिशी. तिने विचारलं, "अरे, ह्यांना माझा नंबर कुणी दिला?"

वेळ बरोबर होती, मजकूर साधा होता. माझ्या कोडनेही तो अडवला नसता. पण मतदारयादीत नाव, वय, घर क्रमांक छापतात. मोबाईल नंबर नाही. कुणीतरी दोन याद्या जोडल्या होत्या. गॅस बुकिंग, मेडिकल, कपड्यांचं दुकान, बचत गट... आई नंबर कुठे कुठे सांगते ते मोजायला बसलो, तर हाताची बोटं पुरेनात.

आमच्याकडे येते ती नुसती नंबरांची एक्सेल फाईल. मी तिच्यात एक रकाना वाढवून घेतलाय: 'नंबर कुठून मिळाला?' तो भरणं सक्तीचं करा, असं मी मीटिंगमध्ये दोनदा म्हणालो. अजून तो ऐच्छिकच आहे. बहुतेक फायलींत रिकामा येतो, आणि मेसेज सुटतात.