पहिला प्रोग्रॅमर उसना, दुसरा स्वतःचा

ठाणे-कल्याण पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलांना मी नेहमी एकच सल्ला देतो: चिपमध्ये प्रोग्राम भरणारा पहिला प्रोग्रॅमर बनवू नका, दुसरा मात्र जरूर बनवा. यूएसबीएएसपी हा थॉमस फिशलने मांडलेला प्रोग्रॅमरचा खुला आराखडा नवशिक्याला झेपणारा आहे: एक एटमेगा ८ चिप, १२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल, दोन झेनर, थोडे रेझिस्टर. पण त्यातली एटमेगा कोरी असते आणि ती भरायलाच प्रोग्रॅमर लागतो! जुन्या पुस्तकांतली पॅरलल पोर्टची केबल आता बाद, कारण लॅपटॉपला ते पोर्टच नाही. मित्राचा आर्डुइनो उनो मागून आणावा, त्यात ‘आर्डुइनो आयएसपी’ स्केच टाकावं, की अडचण सुटली.

यावर कुणी म्हणेल, उनो आहे तर पुढे खटाटोप कशाला? शिवाय लॅमिंग्टन रोडवर तयार यूएसबीएएसपी स्वस्तात मिळतो. डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला सुटे भाग आणायला गेलं, तर बचत प्रवासातच संपते. हिशेब बरोबर आहे, पण बनवायचं ते पैशांसाठी नाहीच, आतलं कळावं म्हणून. नवी एटमेगा ८ कारखान्यातून १ मेगाहर्ट्‌झवर येते आणि प्रोग्रॅमिंगचं घड्याळ तिच्या चौथाईहून, म्हणजे २५० किलोहर्ट्‌झहून, कमी लागतं. यूएसबीएएसपी एरवी ३७५ने चालतो. मग एव्हीआरड्यूड हा चिप भरणारा संगणकावरचा प्रोग्राम ‘टार्गेट उत्तर देत नाही’ म्हणतो आणि बिचारी धडधाकट चिप कचऱ्यात जाते. ज्याने वेग कमी करणारा जेपी ३ हा जम्पर स्वतः सोल्डर केलाय, तो पिना जोडून वेग उतरवतो, आणि पडद्यावर 1E 93 07 ही चिपच्या ओळखीची सही उमटते.

खरा आक्षेप वेगळाच: नवशिक्याचं सोल्डरिंग कच्चं, मग चूक चिपची की प्रोग्रॅमरची, हे कसं कळणार? म्हणूनच उनो लगेच परत करू नये. तीच चिप उनोवर सही देत असेल, तर दोष आपल्या बोर्डात, जम्परात किंवा जोडणीत. मग मल्टिमीटर घेऊन शोधायला जागा तरी मोजक्याच उरतात.

एवढं मात्र पाळा: चिपमधल्या रीसेट बंद करणाऱ्या ‘फ्यूज’ या सेटिंगला हात लावू नका. तो बदलला की चिप परत उघडायला रीसेटच्या पिनवर १२ व्होल्ट लागतात, आणि ते ना उनो देतो, ना यूएसबीएएसपी.