डाव्या बुटाचं दुखणं

मोटारसायकल चालवणाऱ्याचे बूट लगेच ओळखू येतात. उजवा धड असतो आणि डाव्याच्या पंज्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, गिअरने पाडलेला डाग असतो. माझ्या बुटांना तो पहिल्याच पावसाळ्यात पडला. आधी चमक गेली, मग कातड्याचा वरचा गुळगुळीत थर निघाला आणि खालचा केसाळ भाग उघडा पडला. एवढं झालं की पॉलिशचा उपयोग नाही, ते नुसतं आत जिरतं. पाणीही तसंच जिरतं. जुलैत कात्रजहून स्वारगेटला पोचेपर्यंत डावा मोजा अंगठ्यापाशी ओला आणि उजवा कोरडा, असं रोजचं झालं.

वडिलांना हे दुखणं कधी झालंच नाही. ते स्प्लेंडर चालवायचे. तिचे चारही गिअर पंज्याने खाली दाबून पडतात आणि उतरवायचे तर मागच्या दांडीवर टाच मारायची, त्यामुळे बुटाच्या वरच्या कातड्याचा संबंधच येत नाही. जुन्या बुलेटला तर गिअर उजवीकडे, त्यातही पहिला वर आणि पुढचे तीन खाली. माझ्या गाडीचा पहिला खाली आणि बाकी सगळे वर. म्हणजे गिअर वाढवायचा की पंजा दांडीखाली सरकवून उचलायचा, आणि दर वेळी कातडं घासायचं. बूट लांबच्या सहलींत झिजतात ही समजूत मला पटत नाही. हायवेला शेवटचा गिअर पडला की पायाला काम उरत नाही. बूट खातं ते शहर. सिंहगड रोडला संध्याकाळी पहिला-दुसरा, पहिला-दुसरा एवढंच चालू असतं.

मंडईजवळ बूट दुरुस्त करणाऱ्या काकांनी बूट हातात घेतला, डागावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पट्टी मारून देतो, पण आधी गाडीचं रबर बघा. नाहीतर पट्टीपण खाईल." रबर वरून चांगलं दिसत होतं. पण बूट लागतो तो दांडीच्या खालच्या अंगाला, आणि तिथे वाकून कोण बघतं? बोट फिरवलं तर रबर फाटून आतलं खाचाखाचांचं लोखंड हाताला लागलं. ते कानशीचंच काम करत होतं. नाना पेठेत किरकोळ पैशात नवं रबर मिळालं. साबणाचं पाणी लावलं की ते सरकत बसतं. आता ते खालून झिजलं की मी अर्धा फेर फिरवून घेतो, तेवढेच काही महिने जास्त जातात.

काकांचं काम बघण्यासारखं होतं. बुटाची ती जागा पॉलिश पेपरने खरवडली, बुटाला आणि चामड्याच्या तुकड्याला सोल्युशन लावलं आणि दोन्ही वाळेपर्यंत शेजारच्याशी गप्पा मारत बसले. घाईने चिकटवलेली पट्टी सुटते म्हणे. चिकटवण्याआधी त्यांनी रापीने तुकड्याची कड तासून पातळ केली, बोटांकडची तर कागदाइतकी. पाय आत सरकताना दांडी पहिल्यांदा त्याच कडेला भिडते, ती जाड राहिली तर तिथूनच सोलून निघते. मग मेणाच्या दोऱ्याने कडेकडेने शिवण घातली.

पट्टीमुळे पंजा दांडीखाली जरा अडकायला लागला. १० नंबरच्या पान्याने बोल्ट काढला, दांडी एक दाता वर सरकवून पुन्हा बसवली. बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो शाफ्टच्या खाचेतून जातो, पूर्ण काढावा लागतो. जोडदांडीवाल्या गाड्यांना तेही नको, चेकनट सैल करून दांडी फिरवली की उंची बदलते.

इलॅस्टिकवाली रबरी टोपीही मिळते, बुटावरून चढवायची. ऑफिसचे पॉलिशचे बूट असतील तर ती बरी, पोचलं की काढून डिकीत टाकता येते. मला नाही झेपली. तळाखालून जाणारा पट्टा फूटरेस्टवर घासून तुटतो आणि पावसात टोपी हळूहळू बाजूला फिरते.

मागच्या दिवाळीत नवे बूट घेतले. दुकानदार वॉटरप्रूफचं सांगत होता, मी डाव्या पंज्यावर शिवण कुठून जाते ते बघत होतो. नेमकी गिअरच्या जागेवरून शिवण जाणारे दोन जोड परत ठेवले. कातडं निदान सावकाश झिजतं, दोरा आधी तुटतो. घेतला तो साधाच, पंज्यावर अखंड कातडं असलेला, आणि घरी नेण्याआधी काकांकडून त्याच्या डाव्या पायाला पट्टी मारून घेतली. त्यांनी विचारलं, "उजव्याला पण मारू का, जोडी दिसेल?" मारून घेतली.